परसातल्या दहा कोंबड्या: पिल्लापासून पहिल्या पीसझडीपर्यंत

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक दिवसाची असताना आणलेली पिल्लं ऑक्टोबर २०२५ मध्ये पिसं झाडायला लागली. म्हणजे पिल्लू, तलंग (अंड्यावर न आलेली तरुण मादी), अंडी, थंडी, उन्हाळा, पीसझड असा पहिला फेरा पूर्ण झाला. सुरुवातीला माहिती शोधली तेव्हा जी मिळाली ती एकतर पाच हजार पक्ष्यांच्या शेडची, नाहीतर गावाकडची, जिथे कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात आणि दिवेलागणीला डालग्याखाली जातात. पुण्यात धायरीतल्या बैठ्या घरामागचा अर्धा गुंठा, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या खिडक्या, यात दोन्हींपैकी काहीच जसंच्या तसं बसत नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोंबडी सांभाळणं अवघड नाही. अवघड आहे ते तिच्या पायाखालची जागा कोरडी ठेवणं. वास, माशा, रक्ती हगवण, शेजाऱ्यांची नाराजी, सगळ्याची सुरुवात ओल्या तुसापासून होते.

डिसेंबर २०२३: कागद

पहिलं काम शेजाऱ्यांकडे जाण्याचं. लगतच्या घरांकडून साध्या कागदावर ‘हरकत नाही’ लिहून घेतलं. त्यात आमच्याकडूनच दोन गोष्टी घातल्या: कोंबडा ठेवणार नाही आणि खत उघड्यावर साठवणार नाही. सह्या पटकन झाल्या त्या बहुतेक पहिल्या अटीमुळे. २०१९ मध्ये सोमवार पेठेत कोंबड्याच्या आरवण्यावरून प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेल्याची बातमी पुण्यात सगळ्यांनीच चवीने वाचली होती.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातही अर्ज दिला. घरगुती वापरासाठी दहा माद्या, विक्री नाही, जागेचा हाताने काढलेला नकाशा, मालमत्ता कराच्या पावतीची झेरॉक्स आणि शेजाऱ्यांच्या पत्रांच्या प्रती. या टेबलावरून त्या टेबलावर असं करत आवक क्रमांक पडला. लेखी उत्तर आजतागायत नाही. तरी पोच जपून ठेवलीय, कारण उद्या कुणी तक्रार केलीच तर ‘लपूनछपून चाललं होतं’ असं म्हणता येणार नाही. फ्लॅटमध्ये किंवा सोसायटीत राहत असाल तर आधी उपविधी वाचा आणि समितीचं पत्र घ्या. त्याशिवाय पिल्लं आणू नका.

जानेवारी २०२४: खुराडं

मोठ्या पक्ष्याला आत दोन चौरस फूट आणि बाहेर फिरायला आठ ते दहा चौरस फूट जागा धरायची. दहा पक्ष्यांसाठी सहा बाय चार फुटांचं खुराडं आणि त्याला जोडून जाळीचं बारा बाय आठ फुटांचं अंगण, असा नकाशा फॅब्रिकेटरला दिला. अँगल, जाळी, पत्रा, मजुरी मिळून २३,५०० रुपये गेले. सगळ्या प्रकरणातला हाच मोठा खर्च. काटकसर करायचीच असेल तर आकारात करा, जाळीत करू नका.

षटकोनी ‘मुर्गा जाळी’ कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. घूस ती कुरतडते, मांजर पंजा आत घालते, धामण सरळ आत येऊन अंडी गिळते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली चौकोनी जाळी, घ्यावी. ती जमिनीलगत बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती आणि विटा टाकायच्या. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायाशी उकरायला लागतं, तिथे त्याला जाळी लागते आणि ते नाद सोडतं. दाराला कडी आणि कडीत अडकवायला हुक, असं दुहेरी हवं.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली. पुण्यात पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत बंद आणि पत्रा त्या बाजूला दीड-दोन फूट पुढे काढलेला. हवा खेळायला छताखाली चारही बाजूंनी जाळीची पट्टी लागतेच. थंडी वाजेल म्हणून ती बंद करू नये, कोंबडीला थंडीपेक्षा कोंदटपणा जास्त बाधतो.

बसायची दांडी दोन इंच रुंद, कडा तासलेली, पक्ष्यामागे आठ-दहा इंच. अंड्यांसाठी फूट बाय फूट खोकी, चार-पाच माद्यांना एक. दांडी खोक्यांपेक्षा उंच हवी. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. खोकं उंच असेल तर ती त्यातच झोपते आणि सकाळी अंडी शिटेने माखलेली मिळतात.

खाली भाताचं तूस तीन-चार इंच. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला मावळ, मुळशी, भोर हा भाताचा पट्टाच असल्यामुळे तिकडच्या गिरण्यांवर ते सहज मिळतं. पोतं ८० रुपयांना मिळालं. लाकडाचा अगदी बारीक भुसा टाळा, त्याची धूळ पिल्लांच्या नाकात जाते.

फेब्रुवारी: पिल्लं आणि बल्ब

परसासाठी गिरिराज, वनराज, कावेरी, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) अशा दणकट जाती घ्याव्यात. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या लेअरला, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पैदास केलेल्या कोंबडीला, हे जीवन झेपत नाही. सरकारी पिल्लं हवी असतील तर खडकीचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. कुठूनही घ्या, आगाऊ नोंदणी करून थांबायची तयारी ठेवा, कारण अंडं उबायला २१ दिवस लागतात. आम्ही वीस आरआयआर पिल्लं घेतली, रिक्षाभाड्यासह नऊशे रुपयांच्या आत. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचतात. ती झालीय का, हे तिथेच विचारून घ्यायचं.

वीस का, तर या जातींची पिल्लं नर-मादी न निवडता मिळतात. निम्मे नर निघणार हे धरूनच चालायचं. दहा माद्या हव्यात म्हणून दहाच पिल्लं आणली तर हाती पाच माद्या राहतात.

घरी आल्यावर आधी पाणी, मग दाणा. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे गूळ विरघळवून प्रत्येक पिल्लाची चोच एकदा त्यात बुडवायची. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा वर्तमानपत्रावर पसरायचा. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. गुळगुळीत कागद जास्त दिवस ठेवू नये, पाय फाकतात.

उबेसाठी तीन फूट व्यासाचं पुठ्ठ्याचं गोल कडं, दीड फूट उंच, मधोमध बल्ब. एलईडी चालत नाही, त्याने उजेड पडतो पण ऊब येत नाही. जुना तारेचाच बल्ब लागतो आणि तो आता दुकानात मागून घ्यावा लागतो. पिल्लामागे दोन वॉट या हिशेबाने वीस पिल्लांना चाळीसचा एक पुरतो. पण दोन लावावेत, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा असतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच जास्त खरं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकतायत तर गरम होतंय. कड्यात सगळीकडे विखरून पडलेली असतील तर बरोबर. पहिल्या काही रात्री गजर लावून उठून पाहावं लागतं, आणि शेवटची पिल्लं हलताना दिसेपर्यंत जिवाला घोर असतो.

पुण्यात गुरुवार सांभाळायचा. दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच, आणि पाणीही कित्येकदा त्याच दिवशी बंद. गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या सुती कापडात गुंडाळून कड्यात ठेवल्या की दोन-तीन तास निघतात.

रोज एकेक पिल्लू उलटं करून बूड बघायचं. शीट चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढायची. ओढली तर कातडी येते. तशीच राहिली तर शौच बंद होऊन पिल्लू मरतं. आमचं एक पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. विसात एखादं जातंच, पण हाताळून झालेलं असतं त्यामुळे वाईट वाटतं.

लसींचा घोळ

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण लसीची लहानात लहान बाटली सहसा शंभर मात्रांची आणि आपले पक्षी वीस. लस २ ते ८ अंशांत ठेवायची आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरू, असं होत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव देऊन ठेवलं, पुरेसे पक्षी जमले की बाटली फोडतात. कधी औषध दुकानातून बाटली घ्यावी लागली, तेव्हा आसपासच्या पाळणाऱ्यांना आधी फोन करून ठेवला. आणताना बर्फ घातलेला थर्मास हवाच.

आमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रक असं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची (कोंबड्यांच्या फाउल पॉक्सची) लस, पंखाच्या पातळ कातडीत सुईने. आठव्या आठवड्यात आर-टू-बी. लासोटा आणि आर-टू-बी दोन्ही मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेत रोगासाठी. पहिली सौम्य, दुसरी जोरकस, म्हणून ती सहा आठवड्यांच्या आत देत नाहीत.

थेंब टाकल्यावर पिल्लू लगेच सोडू नका. डोळा मिटून उघडतो, थेंब आत ओढला जातो, मग सोडायचं. पाण्यातून लस द्यायची वेळ आली तर नळाचं पाणी वापरू नये, त्यातलं क्लोरीन लस मारतं. देवीची लस लागली का, हे आठवड्याभराने पंख पसरून बघायचं. टोचल्या जागी बारीक गाठ किंवा खपली दिसली तर लागली. काहीच नसेल तर पुन्हा टोचून घ्यायची. देवी डासांमुळे पसरते, आणि पावसाळ्यात धायरीत डासांना तोटा नाही.

मे-जून: कोंबडे आरवायला लागतात

आठ आठवड्यांपर्यंत स्टार्टर, मग ग्रोअर (वाढीच्या वयाचं खाद्य). लवकर अंडी द्यावीत म्हणून ग्रोअरच्या वयात लेअर खाद्य देऊ नये. त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात.

नर-मादी दोन महिन्यांत ओळखू येतात. नराचा तुरा आधी लाल होतो, पाय जाड, मानेची पिसं टोकदार. उरलेल्या एकोणीसपैकी नऊ नर निघाले. साडेतीन महिन्यांनी पहिला घोगरा ‘कुकूच’ ऐकू आला, तेव्हा पिल्लं आणताना केलेला बेत कामी आला: सगळे नर मुळशीत नातेवाइकांच्या शेतावर. शेतावर गेलेला कोंबडा म्हातारा होत नाही, हे घरातल्या मुलांना आधीच नीट सांगून ठेवावं. आणि हो, अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हा प्रश्न अजूनही प्रत्येक पाहुणा विचारतो.

पावसाळा

जूनअखेरीपासून सगळी लढाई तुसाशी. रोज खुराड्यात उकिडवं बसून श्वास घ्यायचा, कारण कोंबडीचं नाक जमिनीपासून फूटभरावर असतं. उभ्याने वास येत नाही, पण त्या उंचीवर डोळ्यांना झोंबतं. मग मूठभर तूस दाबून बघायचं. मूठ उघडल्यावर मोकळं सांडलं तर ठीक. लाडू राहिला तर ओलं. तेवढा भाग काढून टाकायचा, बाकीचं खुरप्याने वरखाली करायचं, चुन्याची भुकटी भुरभुरायची, वर कोरडं तूस. ओल बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याभोवतीच असते. भांडं विटांवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की सांडणं निम्म्यावर येतं. माशीच्या अळ्याही तिथेच दिसतात.

जुलैत एक तलंग पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली आणि शिटेत रक्त दिसलं. रक्ती हगवण. ताजी शीट डबीत घालून दवाखान्यात नेली, ॲम्प्रोलियमची पूड मिळाली. मात्रा डॉक्टर सांगतील तीच, पाण्यातून, आणि त्या काळात दुसरं पाणी ठेवायचं नाही. सोबत शक्तीसाठी म्हणून बी-वन असलेलं व्हिटॅमिन देऊ नये, हे औषध बी-वनच्या विरोधात चालूनच काम करतं. पाच दिवसांत ती सावरली, बाकीच्यांनाही तेच पाणी दिलं. औषध आणि शीट तपासणी मिळून तीनशेच्या आसपास. त्याच दिवशी सगळं तूस बदललं, नाहीतर औषधाचा उपयोग नाही.

ऑगस्ट २०२४: अंडी

आधी तुरा लालभडक होतो. मग पाठीवर हात ठेवला की तलंग पंख थोडे पसरून खाली दबून बसते. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत अंडं. या सुमारास लेअर खाद्य सुरू करायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा. ज्या मादीला हवा ती खाते. खोक्यात आधीच एक लाकडी अंडं ठेवलं तर त्या जमिनीवर घालत नाहीत. पहिली अंडी लहान, कधी पापुद्र्यासारख्या कवचाची. घाबरू नका.

अंडी धुऊ नयेत. कवचावर नैसर्गिक आवरण असतं, ते गेलं की जंतू आत शिरतात. घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा, फार माखलेलं असेल तर धुऊन लगेच वापरा. घरच्या अंड्यांची टरफलं परत खायला घालायची तर वाळवून पूड करा. अर्धी टरफलं तशीच टाकली तर कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात आणि ती खोड मोडत नाही.

रोजचा क्रम आता ठरलेला. सकाळी साडेसहाला दार, भांडी घासून ताजं पाणी, दहा पक्ष्यांना सव्वा किलोच्या आत खाद्य. अकरा आणि तीनला अंडी. संध्याकाळी मूठभर धान्य टाकून आत घ्यायचं, मोजायचं, उरलेलं खाद्य पत्र्याच्या डब्यात. खाद्य रात्री उघडं राहिलं की उंदीर, उंदरांमागून साप. अंधार पडायच्या आधी दार लावणं हे एकच काम उद्यावर ढकलता येत नाही. बाहेरगावी जायचं असेल तर दुसऱ्या कुणाला हे शिकवून ठेवावं लागतं.

हिशेब सरळ सांगतो. २०२४ मध्ये ५० किलोचं लेअर खाद्याचं पोतं १,९५० रुपयांना होतं, म्हणजे दिवसाला साधारण ४३ रुपयांचं खाणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोज सहा-सात अंडी, म्हणजे अंड्यामागे सहा-सात रुपये नुसते खाद्याचे. डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडी तीन-चारवर. कोंबडीला भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांहून जास्त उजेड लागतो. बल्ब लावून तो देता येतो, आम्ही दिला नाही. स्वस्त अंड्यांसाठी हा उद्योग करू नये, दुकानातली अंडीच स्वस्त पडतात.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५

उदगीरला कावळे मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला, मग उरणची बातमी आली. आजार सापडला तर एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारतात, त्यात परसातलेही आले. अंगणाच्या छतावर बारीक जाळी आणि ताडपत्री टाकली, कावळे-कबुतरांना पोचेल असं पाणी आणि दाणा बंद, खुराड्यासाठी वेगळ्या चपला. अचानक एकापेक्षा जास्त पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवायचं, २००९ च्या कायद्याने ते मालकावर बंधनकारक आहे. एखादाच पक्षी मेला आणि कारण कळत नसेल तर औंधच्या रोग अन्वेषण विभागात शवविच्छेदनाची चौकशी करा. पक्षी दुहेरी पिशवीत, बर्फावर न्यायचा. फ्रीझरमध्ये गोठवला तर पेशी फुटतात आणि काही कळत नाही.

त्याच सुमारास जवळच्याच सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले. काही रुग्णांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, तो कोंबडीच्या आतड्यात असतो, त्यामुळे शेजारी भिंतीवरून चौकशा करू लागले. दूषित पाण्याकडे बोट होतंच. आम्ही दाराशी साबण आणि नळ ठेवला, मुलांनी हात धुतल्याशिवाय घरात यायचं नाही असा नियम केला, आणि अंडी पूर्ण शिजवूनच वाटली. ‘नको’ म्हणणाऱ्यांना आग्रह केला नाही.

उन्हाळा आणि पीसझड

एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. पत्र्यावर चुन्याचा हात आणि वर भाताचा पेंढा, पश्चिमेला ओलं गोणपाट, पाणी मातीच्या भांड्यात सावलीत, दुपारी दोनदा बदलायचं. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर. दुपारी पोट भरलेलं असलं की पचनाची उष्णता वाढते. या दिवसांत दोघी खुडूक झाल्या, म्हणजे अंडी उबवायला बसून राहू लागल्या. खुडकीला जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवली की बसणं सोडते. नाकपुडीत पीस खोचायचा जुना उपाय करू नका, तिचे हाल होण्यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी खुराड्यात उशी फाटल्यासारखी पिसं. मान आणि पाठ उघडी, अंडी जवळजवळ बंद. अंगावर उवा नाहीत ना, हे बुडाजवळची पिसं बाजूला करून पाहिलं आणि मग निश्चिंत झालो. नवीन पिसांना प्रथिनं लागतात, म्हणून लेअर खाद्यासोबत थोडी शेंगदाणा पेंड. पेंड बुरशी लागलेली नको. या काळात पक्षी उचलूही नये, कोवळी पिसं दुखतात आणि मोडली तर रक्त येतं. दोन-तीन महिने असेच जातात.

जुन्या तुसाचं खत वाळल्या पाल्यात मिसळून तीन महिने मुरवलं. ताजं घातलं तर झाडं जळतात. आसपासचे गच्चीवर बाग करणारे ते पोत्याने मागून नेतात, आणि शेजारसंबंधांना त्याचा अंड्यांइतकाच उपयोग होतो.

पुढची पिल्लं फेब्रुवारी २०२६ साठी नोंदवली. मोठे पक्षी आणायचे असते तर तीन-चार आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे लागले असते. पिल्लं जाळीपलीकडे वाढवून, अंगाने जवळपास सारखी झाली की रात्री दांडीवर नेऊन बसवायची. दिवसा सोडली तर जुन्या माद्या टोचून रक्त काढतात.